'पूर्व महाराष्ट्र' एवढं वाचलं आणि बेत मोडला

झाडीपट्टी: शिकागोचा मावसभाऊ बायको-मुलांसह डिसेंबरात चंद्रपूरला येणार होता. ताडोबाच्या मोहर्ली गेटची सफारी मी काढून ठेवली होती. वहिनी तिकडचीच. तिने अमेरिकी परराष्ट्र खात्याची जून २०२५ची सूचना वाचली. भारत चारपैकी दुसऱ्या स्तरावर, आणि नक्षलवादामुळे पूर्व महाराष्ट्राचा वेगळा उल्लेख. बेत मोडला. अहो, नक्षलवादासाठी ओळखलं जाणारं गडचिरोलीतलं भामरागड ताडोबापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास! ऑक्टोबर २०२५मध्ये माओवादी नेता भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं टाकली. तरी आमचा अख्खा पट्टा एकाच रंगात. फ्रान्स-जर्मनीही दुसऱ्याच स्तरावर होते, तिथली तिकिटं कोण रद्द करतं? सूचना जिल्हावार द्या, एवढंच म्हणणं आहे.

सह्याद्रीवेडी: मला वहिनी बरोबर वाटते. १ मे २०१९ला गडचिरोलीतल्या कुरखेड्याजवळ नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा चालक गेले. लांबून बघणाऱ्याने ते विसरावं कसं? त्याच सूचनेत बायकांनी भारतात एकटीने फिरू नये असंही आहे. वाचून राग आला, पण खोटं म्हणवत नाही. मी एकटी फिरते. एकदा रात्री साडेनऊला एसटी स्टँडसमोरच्या लॉजवाल्याने माझं नाव लिहिता लिहिता पेन थांबवलं. "सोबत कोण?" कोणी नाही म्हटल्यावर रजिस्टर मिटलं. मागे बाकावर बसलेले तिघे बघत होते. मला हे अंगवळणी पडलंय. परक्या बाईने याला धोका का समजू नये?

झाडीपट्टी: लॉजचं शंभर टक्के मान्य, ताई. पण वहिनी तर नवऱ्यासोबत येणार होती, आणि उतरणार होती आमच्या घरी.

लीड्सवासी: इकडे ब्रिटनमध्ये सरकारने 'जाऊ नका' म्हटलेल्या भागात गेलं तर प्रवासविमा बहुधा हातचा जातो. त्यामुळे इथला माणूस आधी सूचना बघतो, मग तिकीट. दुसऱ्या स्तराचा अर्थ 'जाऊ नका' नाही, 'जपून जा' आहे, हे मात्र वहिनींना जरूर सांगा.

डोंबिवलीकर: आपण तरी वेगळं काय करतो? २२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ जणांना मारलं, त्यात आमच्या डोंबिवलीचे तिघे. आमचं मे महिन्याचं श्रीनगरचं बुकिंग होतं. हाऊसबोटवाल्याचा फोन आला, "साहब, डल पे सब ठीक है, आइए." तो खरं बोलत होता. पण इथे अंत्ययात्रेची गर्दी डोळ्यांनी पाहिली होती, पाय निघेना. त्याने न मागता ॲडव्हान्स परत पाठवला. त्या सीझनला त्याच्याकडे दुसरं कोण गेलं असेल, हे अजून मनातून जात नाही.

सह्याद्रीवेडी: तुम्ही रद्द केलंत ते चूक नव्हतं, दादा.

झाडीपट्टी: चूक नव्हतं. पण आमच्या मोहर्लीचा जिप्सीवाला त्याच हाऊसबोटवाल्याच्या जागी आहे. काल वहिनीला व्हिडिओ कॉलवर नकाशा दाखवला. तिने एकच विचारलं, रात्री पोराला ताप चढला तर डॉक्टर किती लांब? आमच्या घरापासून चालत सात मिनिटं. अजून हो म्हणालेली नाही.