मागच्या चाकाचा एक्सल दुसऱ्यांदा तुटला, आता चाक बदलू की सायकलच?

मुलुंडचा_सायकलवाला:

नमस्कार मंडळी, जरा मोठं होणार आहे पण पूर्ण वाचून सांगा प्लीज. माझ्याकडे २०१७ला घेतलेली हायब्रिड सायकल आहे, स्टीलची फ्रेम, पुढे स्प्रिंगचा सस्पेन्शन फोर्क, पुढे तीन चकत्या ४८-३८-२८ दातांच्या आणि मागे सात गिअरचं फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा गठ्ठा) १४-२८, व्ही ब्रेक, टायर ७०० बाय ३८. मुलुंड पूर्वेहून पवईला ऑफिस, एका बाजूने साधारण १० किमी, आठवड्यातले चार दिवस सायकलच. रविवारी ऐरोली पुलावरून निघून वाशी, मग पाम बीच रोडने बेलापूर आणि परत, ५० च्या वर होतात.

ऑगस्टमध्ये एलबीएस रोडवर पाणी भरलेला खड्डा दिसलाच नाही, मागचं चाक धाडकन आपटलं. घरी आलो तोपर्यंत काही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी उभं राहून पायडल मारलं की चाक डावी-उजवीकडे हलायचं आणि ब्रेक घासायचा. मेकॅनिकने उघडलं तर एक्सलचे (चाक ज्या आडव्या दांड्यावर फिरतं त्याचे) दोन तुकडे, फक्त त्याच्या आतून जाणाऱ्या, खटक्याने आवळायच्या क्विक रिलीजच्या दांडीवर चाक उभं होतं. म्हणजे मी तसाच पवईहून मुलुंडला आलो होतो, विचार करून अंगावर काटा आला. नवीन एक्सल टाकला. नोव्हेंबरात परत तेच, आणि ह्या वेळी खड्डाबिड्डा काही नाही, कांजूरहून जेव्हीएलआरचा (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचा) चढ चढताना नुसता टक् आवाज. दोन्ही वेळा उजव्या बाजूलाच तुटला.

मेकॅनिक म्हणतो तुमचं वजन जास्त आहे (९२ किलो, शिवाय पाठीवर लॅपटॉप). दुसऱ्या दुकानात म्हणाले आता हिच्यावर पैसे घालू नका, नवीन घ्या. २५,००० बाजूला ठेवलेत. मित्राची रोडबाईक पाम बीचवर चालवून बघितली, २५चे टायर, अक्षरशः उडते, पण ऐरोलीच्या अलीकडचा खराब पट्टा लागला तसे मनगटातून मुंग्या आल्या. आणि खरं सांगायचं तर ही सायकल सोडवत नाही. १०८ किलोवरून ९२ वर आलो तो हिच्यामुळे. काय करू?

---

चेन_आणि_ग्रीस (ठाणे):

भाऊ, पहिली गोष्ट, वजनाचं मनाला लावून घेऊ नका. ९२ किलो म्हणजे काही जगावेगळं वजन नाही. दोष हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, रचनेत आहे.

तुमचं फ्रीव्हील हबवर आट्यांनी स्क्रू होतं. त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, हबच्या मध्याकडे राहतात, आणि तिथून फ्रेमच्या पट्टीपर्यंत (जिच्या खाचेत एक्सल बसतो) एक्सलला मधे कशाचाच आधार नाही. पाच गिअरच्या जमान्यात हे अंतर कमी होतं, सात झाले तसं वाढलं. प्रत्येक खड्ड्याला तो बिनआधाराचा भाग वाकतो, थोडा थोडा, आणि एक दिवस कोनच्या (छर्रे ज्यावर फिरतात त्या नटाच्या) शेजारी तुटतो. म्हणून उजवीकडेच. त्यात क्विक रिलीजचा एक्सल आतून पोकळ.

कॅसेट म्हणजे नुसत्या चकत्यांचा गठ्ठा. कॅसेटवाल्या हबला (फ्रीहब म्हणतात) फिरणारा भाग हबचाच असतो आणि उजवे छर्रे त्याच्या पार बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या जवळ. म्हणून तो एक्सल सहसा तुटत नाही, मी तरी १०० किलोच्या माणसाखालीही तुटलेला बघितला नाही.

तर सायकल बदलू नका, मागचं चाक बदला. आधी फ्रेमच्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर मोजा, चाक काढून, स्टीलच्या पट्टीने. १३५ मिमी असेल तर काम सोपं, बाजारातलं कॅसेट हबचं बरंचसं एमटीबी-हायब्रिड चाक तेवढंच असतं. ३६ स्पोकचं, दुहेरी भिंतीच्या रिमचं घ्या. हब आठ-नऊ गिअरचा मिळेल, घाबरू नका, त्यावर सातची कॅसेट बसते, फक्त मागे ४.५ मिमीची रिंग घालायची. म्हणजे तुमचा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) तोच राहील. कॅसेट १२-३२ घ्या, जेव्हीएलआरच्या चढाला गुडघे दुवा देतील, पण तुमच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) ३२ दात चालतात का ते आधी मॉडेल नंबरवरून बघा, काही जुने २८ पर्यंतच जातात.

चेन पण मोजा. १२ इंचांत बरोबर १२ पूर्ण जोड बसले पाहिजेत. पिनपासून पिनपर्यंत १२ आणि एक सोळांश भरलं तर चेन बदला, एक अष्टमांश पुढे गेली असेल तर तिने दातेही खाल्लेले असतात. जुनी चेन नवीन कॅसेटवर टाकली की ती उड्या मारणार, मग लोक कॅसेटला नावं ठेवतात.

माझ्या हिशोबाने चाक, कॅसेट, चेन मिळून ६-७ हजारांत होईल.

---

गिरगावची_पहाट:

वरच्या दादांचं चाकाबद्दल पटलं, मी टायरचं बोलते कारण तिथे जास्त फरक पडतो असं माझं मत आहे. मुलुंडकर, तुम्ही हवा किती भरता? मी पैज लावते टायरच्या बाजूवरचा आकडा बघून तेवढीच भरत असणार. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नसतो.

मी पहाटे पावणेपाचला निघते, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी नाका, दादरपर्यंत आणि परत. सी लिंक आणि कोस्टल रोड दोन्हीवर सायकल बंद, त्यामुळे आम्हाला गावातूनच जायचं, म्हणजे पेव्हर ब्लॉक, गटाराची झाकणं, सिमेंटच्या रस्त्याचे सांधे, मेट्रोने खणून परत बुजवलेले पट्टे. आधी माझ्याकडे २८चे टायर होते ८५-९० पीएसआयवर, महिन्याला एक पंक्चर. आता ३५चे आहेत, माझं वजन ६१, पुढे ४० मागे ४५, आणि वेग कमी झाला नाही, उलट केम्प्स कॉर्नर उतरताना सायकल रस्त्याला धरून राहते, आधी नुसती उडायची. तुमच्या वजनाला ३८च्या टायरमध्ये मागे ६० आणि पुढे ५० पासून सुरू करा, खड्ड्यात रिम लागली तर पाच वाढवा. गेजवाला उभा पंप घ्या, बोटाने दाबून हवेचा अंदाज येत नाही, कितीही वर्षं चालवली तरी.

आणि एक, पावसाळ्यानंतर सीटचा दांडा बाहेर काढून ग्रीस लावता का? आमच्याकडे समुद्राची हवा आहे, माझ्या पहिल्या सायकलचा दांडा फ्रेमला असा चिकटला की शेवटपर्यंत निघाला नाही, सीट दीड इंच खालीच राहिली आणि दोन वर्षं गुडघा दुखत होता, मला वाटायचं माझा गुडघाच खराब. आता दर दोन महिन्यांनी काढते, पुसते, लावते. मुलुंडला खाडी जवळच आहे, तिथेही हे होतं.

फोर्क मात्र घाईने बदलू नका. तो जड आहे हे खरं, पण रिजिड (स्प्रिंग नसलेला) टाकायचा असेल तर उंची तीच हवी, नाहीतर पुढची बाजू खाली बसते आणि हँडलिंग बिघडतं.

---

सरळ_रस्ता:

मी वेगळं सांगतो. चाक बदला पण थोडे अजून साठवून रोडबाईक घ्याच, ३२चे टायर बसणारी. मी हायब्रिडवर २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) केलीय, वेळ साडेतेरा तासांची असते, जेमतेम १३ तासांत आलो. कसारा घाटात गिअर कमी पडले नाहीत, त्रास झाला तो परतीच्या सपाटीवर, समोरून वारा आणि सरळ हँडलवर हात ठेवायला एकच जागा. १५० नंतर तळहात बधिर. ५० किमीला हे कळत नाही. पुढे लांब जायचा विचार असेल तर आत्ताच ठरवा.

---

मुलुंडचा_सायकलवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. अंतर मोजलं, १३५ आहे. हवा मी ८५ भरत होतो. चेन १२ इंचांच्या पुढे एक अष्टमांश, म्हणजे गेलेली. ताई, दांडा निघाला पण हातोडीने ठोकून, आत पांढरी भुकटी होती.
बीआरएमचं मनात आहे पण आधी रोजचं ऑफिस नीट होऊ दे.

---

लालबागचे_काका:

चाक मागवलंत का? मागवलं असेल तर बसवण्याआधी हे वाचा.

मी ६८ वर्षांचा. माझी काळी सायकल वडिलांची, ८२च्या गिरणी संपाच्या आधीची, २२ इंची फ्रेम, दांड्याचे ब्रेक, २८ बाय दीडचे टायर. तुमच्या ७०० शी ते जुळत नाहीत, ह्याची रिम ६३५ मिमीवर आणि तुमची ६२२ वर, लोक चुकून आणतात म्हणून सांगितलं. ॲटलस सायकल कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, नेमका सायकल दिवस होता तो, मी त्या दिवशी जेवलो नाही. असो.

मागच्या हबला एका बाजूला पाव इंचाचे नऊ छर्रे, पुढे तीन सोळांशचे दहा, दर दिवाळीला मी स्वतः उघडून ग्रीस भरतो. इतक्या वर्षांत एक्सल एकदाच तुटला. तुमचा तीन महिन्यांत दोनदा, आणि दुसऱ्यांदा खड्डा नसताना. वरच्या मुलाने हबचं सांगितलं ते बरोबर आहे, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही. पहिल्या खड्ड्यात फ्रेमची पट्टी वाकली असणार. पट्ट्या एकमेकींना समांतर नसतील तर तुम्ही क्विक रिलीज आवळता तेव्हाच एक्सल वाकतो, मग चाक फिरताना त्याला सतत पीळ बसतो. नवीन हब महाग असला तरी तोही त्रास सोसत बसेल.

तपासायला हत्यार नको. तुटलेले दोन तुकडे टाकले नाहीत ना? एक उजव्या पट्टीत घाला, एक डाव्या, दोन्हीकडून नट लावून घट्ट आवळा. आता मागून आणि वरून बघा. दोन्ही तुकड्यांची तोंडं एकमेकांसमोर आली पाहिजेत, पेन्सिलीचे दोन तुकडे जुळवावेत तशी. एक खाली किंवा मागे बघत असेल तर तीच पट्टी वाकडी.

मग सुतळीने फ्रेम बघा. एका पट्टीतून सुतळी पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या पट्टीत आणून ताणा. सीटच्या नळीपासून दोन्हीकडे सुतळीचं अंतर सारखं यायला हवं.

तुमची फ्रेम स्टीलची आहे म्हणून सरळ होते. ॲल्युमिनियम असती तर हात लावू नका म्हटलं असतं, ती परत वाकवली की चिरते.

---

चेन_आणि_ग्रीस (ठाणे):

काका, नमस्कार घ्या. पट्टीचं माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि दुसऱ्यांदा खड्ड्याविना तुटला हे मी वाचलं होतं.

---

मुलुंडचा_सायकलवाला:

उशीर झाला, पण सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

काका, तुकडे ड्रॉवरमध्येच होते. रात्री जेवण झाल्यावर गॅलरीत सायकल उलटी करून तुम्ही सांगितलंत तसं लावलं. डावा तुकडा सरळ. उजवा खाली बघत होता, टोकाला चार-पाच मिमीचा फरक. बायकोला बोलावून दाखवलं, तिलाही लांबून दिसला. सुतळीचं अंतर दोन्हीकडे सारखं आलं, म्हणजे बाकी फ्रेम ठीक, फक्त ती पट्टी. भांडुपला एक जुने कारागीर आहेत, त्यांना तुकडे लावलेल्या स्थितीतच सायकल दाखवली, त्यांनी काही न विचारता मोठा पाना लावून हळूहळू आणली, दर वेळी तुकड्यांकडे बघत. २० मिनिटं लागली असतील.

मग ३६ स्पोकचं चाक, सातची १२-३२, रिंग, नवीन चेन. डिरेलरला ३४ पर्यंत चालतं असं निघालं. चाकात थोडा आउट (वाकडेपणा) होता तो १०० किमीनंतर परत काढून घेतला. हवा मागे ६०, पुढे ५०. सगळं मिळून ७,४०० गेले, पंप धरून.

काल रविवार, साडेपाचला ऐरोली पुलावर होतो, अंधार, खाडीचा वास, गार वारा. पुलाच्या सांध्यांवर आधी दात आपटायचे तिथे नुसता ठप् ठप् आवाज येत होता. उजाडताना पाम बीचला लागलो, नेरूळच्या बाजूला पाण्यात फ्लेमिंगो उभे होते. बेलापूरला थांबलो तेव्हा लक्षात आलं की पूर्ण वाटेत मागच्या चाकाकडे एकदाही वळून बघितलं नाही, नोव्हेंबरपासून दर दोन मिनिटांनी बघायची सवय लागली होती. परतताना उभं राहून पायडल मारून बघितलं मुद्दाम, ब्रेक घासला नाही.

काका, तुमची सायकल बघायची फार इच्छा आहे. येत्या रविवारी पाम बीचऐवजी लालबागला आलो तर चालेल का? एक्सलचे तुकडे घेऊन येतो, तुमच्याकडेच राहू देत, कुणाला तपासायला उपयोगी पडतील.

---

लालबागचे_काका:

या. सातच्या आत या, नंतर गाड्या सुरू होतात. चहा घरी.