आयबीएस आणि घरगुती उपाय: आधी ओवा की आधी तपासणी?

घोडबंदरकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी "पोट बरं नाही" एवढं लिहायची खोटी, ओवा, हिंग, त्रिफळा, कोरफडीचा रस आणि कुणाच्या तरी भाच्याने पाठवलेलं 'शंभर टक्के नैसर्गिक' चूर्ण असा ठाण्याचा अख्खा जांभळी नाका बाजार तिथे उभा राहतो. इथवर ठीक. पण हल्ली प्रत्येक जण स्वतःला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याचा एक दीर्घकाळ चालणारा त्रास) आहे असं ठरवूनच येतो, म्हणून हा धागा काढतोय.

आयबीएस म्हणजे नुसता गॅस किंवा नुसतं पोट फुगणं नव्हे. पोटविकारतज्ज्ञ निदानासाठी वापरतात त्या २०१६ च्या रोम निकषांप्रमाणे गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखायला हवं, ते दुखणं शौचाशी किंवा शौचाच्या वेळा आणि स्वरूप बदलण्याशी जोडलेलं हवं, आणि तक्रार सुरू होऊन सहा महिने तरी झालेले हवेत. कुणाचं पातळ होतं, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आलटून पालटून दोन्ही. या तिघांना एकच चूर्ण कसं लागू पडेल, हा साधा प्रश्न ग्रुपवर कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं: घरगुती उपायांपैकी दोनच गोष्टींना बरा पुरावा आहे. एक इसबगोल, दुसरं पेपरमिंटचं तेल, तेही आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या कॅप्सूलमध्ये. बाकी सगळं मनाचं समाधान. आणि ती 'नैसर्गिक' चूर्णं? डबा उलटा करून घटक वाचा. सोनामुखी सापडली तर ते जुलाबाचं औषध आहे. रोज घेऊन "पोट कसं छान साफ होतं" म्हणायला काहीच हरकत नाही, फक्त त्याला आयबीएस बरा झाला म्हणू नका. ज्याचं आधीच पातळ होतं त्याच्या हातात असा डबा देणाऱ्याला काय म्हणावं?

आधी तपासणी, मग चूर्ण. विरोधी मतं येऊ द्या.

नौपाड्याची सून
येऊ द्या म्हणालात म्हणून लिहिते. "बाकी सगळं मनाचं समाधान" हे वाक्य फार सहज लिहिलंत.

मी दोन्ही वाटांनी गेले आहे. डॉक्टरांकडे रक्त, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. मग ॲसिडिटीची गोळी आणि "टेन्शन घेऊ नका" हा मंत्र. पाच मिनिटांत बाहेर. वैद्यांनी मात्र विचारलं, किती वाजता जेवता, भूक लागल्यावर जेवता की घड्याळ बघून, झोप कशी आहे, दूध कधी घेता. रात्रीचं दूध बंद केलं, दुपारी ताक सुरू केलं, जेवणाच्या सुरुवातीला भाताच्या पहिल्या घासाबरोबर तूप आणि हिंग्वाष्टक चूर्ण. मला फरक पडला. चरकाच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर, म्हणजे पचन बिघडण्याच्या आतड्याच्या विकारावर, पंधरावा अध्याय आहे, त्यात ताकाचं कौतुक आहे. ही माणसं काय ग्रुपवर फॉरवर्ड करत बसली होती का?

आमच्या सासूबाईंनाही तेच देते. त्यांना साठीनंतर हा त्रास सुरू झाला, गेल्या दिवाळीपासून. जेवण कमी झालंय, थोड्या बारीकही झाल्यात, पण हिंग्वाष्टकाने गुबारा उतरतो. त्यांना या वयात कुठे तपासण्यांच्या रांगेत उभं करू?

८.१७ ची ट्रान्सहार्बर
अवांतर वाटेल, पण माझं आयबीएस ठाणे स्टेशनात राहतं. घरी रविवारी काही नाही. सोमवारी ऐरोलीला निघालो की फलाट दहावर पोटात मुरडा. लोकलमध्ये शौचालय नाही, हे पोटाला कसं कळतं देव जाणे. नाश्ता बंद करून बघितला तर दुपारी दुप्पट त्रास. यावर ओवा नको आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण, तीही नको, मला अर्धा तास लवकर जाग यायला हवी. दोन्ही बाजूंना विनंती, 'टेन्शन' या शब्दावर इतकं चिडू नका.

वाशीचा डॉक्टर
ट्रान्सहार्बर साहेब, तुमचं निरीक्षण अचूक आहे. खाल्ल्यावर, विशेषतः सकाळच्या पहिल्या चहा-नाश्त्यानंतर, मोठं आतडं हलू लागतं. ही सगळ्यांच्या शरीरातली नैसर्गिक क्रिया आहे, आयबीएसवाल्यांना ती जास्त जोरात जाणवते एवढंच. लवकर उठून घरीच खा, घरीच मोकळे व्हा, मग निघा. भीती आणि आतडं यांचं नातं खरं आहे, म्हणजे त्रास खोटा असं अजिबात नाही.

नौपाड्याच्या ताई, आता तुमच्याशी. ग्रहणी आणि ताकावर मला वाद घालायचा नाही. पण सासूबाईंबद्दल जे सहज लिहून गेलात, ते वाचून मी खाली यायचा थांबलो. साठीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, भूक कमी, वजन कमी. याला आयबीएस म्हणायची घाई कुणीच करू नये, वैद्यांनीही नाही. पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर पहिल्यांदा सुरू झालेली तक्रार, शौचातून रक्त, हिमोग्लोबिन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यातलं एक जरी असलं तरी आधी तपासणी. उतारवयात बायकांचं पोट सतत फुगत असेल तर अंडाशयही बघावं लागतं. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षय काही दुर्मीळ नाही. हिंगाने गुबारा उतरेल, पण आत काय चाललंय ते दडून राहील. घाबरवायला लिहीत नाही. बहुतेक वेळा साधंच काही निघतं.

नौपाड्याची सून
डॉक्टर, हे वाचून पोटात गोळा आला. पण मग माझ्या वेळी पाच मिनिटांत हाकललं ते? तेव्हा एवढी यादी कुणी विचारली नाही.

वाशीचा डॉक्टर
विचारायला हवी होती. पाच मिनिटांची ओपीडी हा आमच्या बाजूचा रोग आहे, त्यावर इसबगोल चालत नाही.

काढ्याचा कडवटपणा
मी आयुर्वेदाचा पदवीधर, चरईत प्रॅक्टिस करतो. धागाकर्त्यांशी अर्धा सहमत, अर्ध्यावर तीव्र असहमत.

सहमत इथे: दुकानातल्या डब्याला आयुर्वेद म्हणू नका. पातळ होणाऱ्याला कुटज, म्हणजे कुड्याची साल. कच्च्या बेलफळाचा गर. बद्धकोष्ठ असेल तर हरडा, त्रिफळा. हे एकमेकांच्या उलट आहेत. पातळ होणाऱ्याला त्रिफळा देणारा शेजारी आयुर्वेद पाळत नाही, फक्त शेजारधर्म पाळतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पावसाळ्याआधी कुडा पांढरा फुललेला दिसतो, म्हणून तिथली साल सोलून आणणारे महाभागही मी बघितलेत. तसलं करू नका.

असहमत इथे: "पुरावा फक्त दोन गोष्टींना." १९८९ साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये आयबीएसच्या १६९ रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. बेल आणि ब्राह्मीचं औषध एका गटाला, प्रचलित ॲलोपॅथीचं औषध अधिक इसबगोल दुसऱ्याला, आणि तिसऱ्याला बिनऔषधाच्या गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हतं. बेल-ब्राह्मीवर सुमारे ६५ टक्के सुधारले, बिनऔषधी गोळ्यांवर ३३ टक्के. पातळ होणाऱ्यांना तर जास्त उपयोग झाला. हे मनाचं समाधान?

घोडबंदरकर
वैद्यराज, त्याच अभ्यासात ॲलोपॅथीच्या गटाचे ७८ टक्के सुधारले, ते सोयीस्कर विसरलात. आणि सहा महिन्यांहून जास्त पाठपुरावा केल्यावर त्रास परत उलटण्याच्या बाबतीत दोन्ही औषधं बिनऔषधी गोळ्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणजे मुद्दा उरतोच. तिसऱ्या गटातले ३३ टक्के कशाने सुधारले?

आयबीएसमध्ये हे नेहमीचंच. २०१० साली हार्वर्डच्या टीमने ८० रुग्णांपैकी अर्ध्यांना स्पष्ट सांगून बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या, "यात औषध नाही". तरी ५९ टक्के म्हणाले बरं वाटतंय. काहीच न दिलेल्यांत ३५ टक्के. मग "मला फरक पडला" या एका वाक्यावर हिंग्वाष्टकाची जाहिरात कशी करायची?

काढ्याचा कडवटपणा
तसं असेल तर पाठपुराव्यात दोघंही हरले, फक्त मीच का दोषी? आणि ऐकून घेतल्याने, वेळ दिल्याने माणूस बरा होत असेल तर तो उपचाराचाच भाग आहे. आम्ही अर्धा तास बोलतो, त्याची चेष्टा करू नका.

घोडबंदरकर
चेष्टा नाही. पण अर्धा तास बोलणं निरुपद्रवी असतं, झाडपाला दर वेळी नसतो. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं होतं.

काढ्याचा कडवटपणा
आणि आयुष मंत्रालयाने त्याला दिशाभूल म्हटलं, वनस्पती नीट ओळखली गेली नव्हती असा आक्षेप घेतला. तेही लिहा की.

वाशीचा डॉक्टर
दोघंही लिहा, पण रुग्णाने करायचं काय? कुठलाही काढा महिनोन्‌महिने घेत असाल तर आपल्या डॉक्टरला सांगा. आम्ही रागावतो म्हणून लोक लपवतात, आणि मग कावीळ कशाने झाली हे शोधत बसावं लागतं.

डबेवाली नेरूळ
आहारतज्ज्ञ आहे, म्हणून ताटाबद्दल बोलते. एवढा वेळ सगळे पुडीबद्दलच भांडताय.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने लो-फॉडमॅप आहार मांडला. काही साखरा आणि तंतू लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत, पुढे जाऊन आंबतात, गॅस धरतात, पाणी ओढून घेतात. सर्वसाधारण माणसाला त्याचं काही वाटत नाही, आयबीएसवाल्याला कळा येतात. यादीत सगळ्यात वर कोण? कांदा, लसूण, गहू. मग राजमा, छोले, दूध, फ्लॉवर, आंबा. आता मिसळीची प्लेट आठवा: कांदा वरून, कांदा-लसूण कटात, मटकी खाली, शेजारी पाव. आणि माणूस म्हणतो तिखटाने त्रास झाला.

म्हणूनच "चातुर्मासात माझं पोट बरं असतं" म्हणणारे बरेच भेटतात. कांदा-लसूण बंद झालेला असतो. उपवासाच्या दिवशी तर गहू आणि डाळीही नसतात. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, तिन्ही या हिशेबात सौम्य. पुण्य किती लागतं ते देवाला ठाऊक, आतड्याला सुट्टी नक्की मिळते. फक्त हा आहार चार महिने ओढायचा नसतो. दोन ते सहा आठवडे काटेकोर, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा की आपल्याला नेमकं काय बाधतं. कायमचं सगळं सोडून बसलेल्या बायका माझ्याकडे अशक्त होऊन येतात.

लसणाशिवाय घास उतरत नसेल तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. त्रास देणारा भाग तेलात उतरत नाही, स्वाद उतरतो. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी. हिंग चालतो, पण बाजारातल्या बऱ्याच हिंगांत मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवर बघा. आणि हो, पेपरमिंट म्हणजे आपली पुदिन्याची चटणी नव्हे. आपल्या पुदिन्यात मेंथॉल जवळपास नसतं, आणि आतड्याचा स्नायू सैल करतं ते मेंथॉल. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी ती कॅप्सूलही विचारूनच घ्यावी.

नौपाड्याची सून
बघा! भाकरी, हिंग, दूध बंद, कांदा-लसूण कमी. आमच्या आजेसासूबाई हेच सांगायच्या, मेलबर्नला न जाता. आजपासून सगळ्या घराला भाकरी.

वाशीचा डॉक्टर
थांबा ताई! भाकरी आजपासून नको. पातळ होण्याची तक्रार असेल तर सीलियाकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनच्या त्रासाची रक्ततपासणी करतात, आणि ती गहू खात असतानाच करावी लागते. आधीच गहू सोडला तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. आधी रक्त द्या, मग भाकऱ्या थापा. सोबत सासूबाईंचं हिमोग्लोबिन आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज आहे का ते दाखवणारी तपासणी) करून घ्या. त्यांच्या वयाला पुढे दुर्बीण लागेल की नाही ते पोटविकारतज्ज्ञ ठरवतील.

नौपाड्याची सून
या आठवड्यात नेते. पण हिंग्वाष्टक आणि ताक बंद करणार नाही, आधीच सांगते. आणि सगळं नॉर्मल आलं तर तुम्ही काय देणार तेही इथेच लिहून ठेवा. परत ॲसिडिटीची गोळी नको.

वाशीचा डॉक्टर
ॲसिडिटीची गोळी आयबीएसवर काम करत नाही, ती देणारच नाही. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल, एका चमच्यापासून, भरलेल्या पेलाभर पाण्याबरोबर, हळूहळू वाढवत. पहिल्या आठवड्यात गॅस वाढेल, म्हणून लोक सोडून देतात. गव्हाचा कोंडा मात्र नको, त्याने बऱ्याच जणांचं दुखणं वाढतं. एवढ्याने भागलं नाही तर अमिट्रिप्टिलिन, हे मुळात नैराश्यावरचं जुनं औषध, अगदी कमी मात्रेत, दहा मिलिग्रॅमपासून. त्याचा ब्रिटनमधला मोठा अभ्यास २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, निकाल चांगले आहेत. पण वयस्कर माणसाला हे औषध देण्याआधी हृदय आणि बाकीच्या गोळ्या बघाव्या लागतात.

काढ्याचा कडवटपणा
ताक ताजं, लोणी काढलेलं, दुपारीच. फ्रिजमधलं आंबट नको. आणि रिपोर्ट मलाही दाखवा.

८.१७ ची ट्रान्सहार्बर
वैद्यराज, फलाट दहावर चालेल असं काही आहे का?

घोडबंदरकर
आहे. ७.४० ची गाडी, बसायला जागाही मिळते.