धुरकट आभाळ: उपग्रहचित्रात धूळ आणि धूर वेगळे कसे ओळखावेत?

बालाघाटकर (जि. बीड)
मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारनंतर क्षितिज पिवळसर, गढूळ दिसते. कोणी म्हणते राजस्थानकडची धूळ आली, कोणी म्हणते बांध आणि पाचट पेटवल्याचा धूर आहे. नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावरील नेहमीच्या रंगीत चित्रात मला दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय परवा सायंकाळी शेजारच्या शिवारात उसाचे पाचट जळताना मी स्वतः पाहिले, पण आगीच्या नकाशावर तिथे एकही लाल ठिपका नव्हता. मग त्या नकाशावर विश्वास कितपत ठेवावा?

गोदाकाठ (नांदेड)
रंगीत चित्रात आधी आकार पाहावा. धूर एका टोकाशी अरुंद आणि दाट असतो व वाऱ्याच्या दिशेने फाकत जातो. धुळीचा पट्टा बहुधा रुंद असतो आणि त्याचा उगम एका ठिकाणी दाखवता येत नाही. मात्र खरा भेद अवरक्त किरणांत उघड होतो. धुराचे कण इतके बारीक असतात की सुमारे १० ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या किरणांना ते फारसे अडवत नाहीत, तर धुळीतील सिलिकेट खनिजे १०.८ मायक्रॉनच्या आसपास १२ मायक्रॉनपेक्षा अधिक शोषण करतात. या फरकावर बेतलेल्या, कृत्रिम रंग दिलेल्या ‘डस्ट आरजीबी’ चित्रात दिवसा धूळ गुलाबी-किरमिजी दिसते. हिंदी महासागरावरील मेटिओसॅट या युरोपीय हवामान उपग्रहाची अशी चित्रे दर १५ मिनिटांनी मिळतात. जमिनीलगतची, आसपासच्या हवेइतकीच तापलेली धूळ मात्र त्यातही फिकट पडते, आणि आपल्या रानातली वावटळ तर यांपैकी कशातच येणार नाही.
२३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबई झाकोळली होती. त्या दिवसांची चित्रे उघडून पाहा, कारण गडद समुद्रावर धुळीचा पट्टा डोळ्यांना स्पष्ट सापडतो.

शिवारवेध (लातूर)
ठिपका न दिसण्याचे कारण बहुधा वेळेत आहे. आगीचे ठिपके टिपणारा, उपग्रहावरील व्हीआयआयआरएस हा संवेदक आपल्यावरून साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. आपल्याकडे वारा पडल्यावर, म्हणजे चारनंतर, पाचट पेटवतात आणि अंधार पडेपर्यंत ते विझूनही जाते. त्यामुळे ती आग दोन फेऱ्यांच्या मधल्या काळातच संपते. म्हणून ठिपका नसणे हा आग न लागल्याचा पुरावा मानू नये. उलट बाजूही आहे: ठिपका ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य दाखवतो, जळालेले नेमके शेत दाखवत नाही. त्यावरून एखाद्या शेतकऱ्याचा गट क्रमांक काढून त्याला जाब विचारणे मला तरी अन्यायाचे वाटते. वीटभट्ट्या किंवा परळीच्या औष्णिक केंद्रासारखी कायम तापलेली ठिकाणेही ठिपका देऊ शकतात, तेव्हा तोच ठिपका वारंवार तिथेच येतो का, हे आधी तपासावे.

बालाघाटकर
मग सायंकाळच्या धुरासाठी काही उपाय आहे का?

गोदाकाठ
इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस या भारतीय हवामान उपग्रहांची चित्रे दिवसभर, थोड्या थोड्या वेळाने मिळत राहतात. एका शेताची आग त्यांत दिसणार नाही, पण सूर्य कलल्यावर धूर अधिक उजळ दिसतो, म्हणून मावळतीपूर्वीची दृश्य प्रकाशातील चित्रे ओळीने पाहा. गौताळ्यासारख्या डोंगराळ वनक्षेत्रातील मोठ्या वणव्याचा धूर कोणत्या बाजूला सरकतो, हे त्या क्रमातून कळू शकते.