एबीए म्हणजे नुसतं आमिष नव्हे

ताई, 'एबीए म्हणजे चॉकलेट दाखवून पोराला वळण लावणंच ना?' असं तुम्ही विचारलंय. एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, वागण्याच्या आधी-नंतर काय घडतं ते पाहून नवं वागणं शिकवायची थेरपी. सुरुवातीला आम्हालाही तसंच वाटलं होतं.

माझा भाचा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, गेलो की पाळण्यांच्या आवाजानं तो जमिनीवर लोळण घ्यायचा. थेरपिस्ट म्हणाल्या, आधी नोंदींची वही ठेवा : अगोदर काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर तुम्ही काय केलंत. तीन आठवड्यांत उमगलं. लोळण घेतली की वहिनी मोबाईल द्यायची आणि आम्ही घरची वाट धरायचो. म्हणजे वळण आम्हीच लावत होतो!

मग त्याला 'बाहेर जाऊ' हे चित्राचं कार्ड द्यायला शिकवलं. कार्ड दिलं की लगेच बाहेर, अजिबात घासाघीस नाही. सुरुवात गड्ड्यात नाही, घरात मिक्सर लावून. बक्षीस म्हणून चॉकलेट नव्हे, शेंगाचटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा. त्याची आवड ती.

एबीए ऑटिझमसाठी वापरणारे मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासात आठवड्याला 40 तास थेरपी होती. आपल्याला ते कुठलं झेपायला! जुन्या पद्धतीत शिक्षाही होती, आता मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं त्यावर चिडून बोलतात, ते ऐकाच. भाच्याचं हात फडफडवणं थांबवू म्हणणारा एक थेरपिस्ट आम्ही बदलला. फडफडू दे की, कुणाचं काय जातंय?