नानांच्या नव्या फोनला हेडफोनची पिन लावायला जागाच नाही, काय करावं?

भुसावळची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरातली शांतता त्यावर अडली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

दिवाळीला पुण्याच्या दिरांनी नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नवा फोन पाठवला. चांगला भारीतला. पण हेडफोनच्या पिनेला भोकच नाही. खाली एक सी टाईपचं तोंड, त्यातच चार्जिंग. नानांनी फोन चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "पीस डिफेक्टिव्ह आलाय, परत पाठव त्याला."

नाना रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यापासून दुपारचं जेवण झालं की कॉटवर आडवं व्हायचं, कानात वायर घालायची आणि एफएम लावायचा, हा नेम. जुन्या फोनची बॅटरी फुगली म्हणून तो कपाटात गेला. नव्या फोनमध्ये रेडिओचं ॲपच सापडत नाही.

आता घरातली बाकी माणसं ऐका. मिस्टर दीपनगरला शिफ्टमध्ये, नाइट करून आले की दिवसा झोपतात. मुलगा बारावीत, नीटची तयारी करतोय. सासूबाईंना पहाटे कीर्तन लागतं, तेही नानांच्याच फोनवर. आणि हा मे महिना! आपल्याकडच्या उन्हात कूलर दिवसभर घरघरत असतो. नानांचा उजवा कान अधू आहे, त्यात कूलरचा आवाज, मग ते व्हॉल्यूम पार शेवटपर्यंत नेतात. मिस्टर झोपेतून उठून बसतात. वडिलांना काही बोलायची सोय नाही, मग मला विचारतात, "तू घरात असून तुला एवढं बघता येत नाही?"

ब्लूटूथ करून पाहिलं. आधी डबीतल्या त्या गोळ्या आणल्या. एक थेट कूलरच्या पाण्यात गेली. दुसरी आहे, पण ती उजव्या कानाची! मग मुलाचा गळ्यातला ब्लूटूथ नानांना दिला. तो पूर्वी मुलाच्या फोनला जोडलेला, त्यामुळे चालू केला की उडी मारून त्याच्याच फोनला लागतो. परवा नाना कीर्तनाची वाट बघत बसले होते आणि कानात पेशीविभाजन सुरू झालं. पाच मिनिटं त्यांनी ऐकलंसुद्धा. मग मला हाक: "अगं, हे बुवा काय सांगताहेत?"

चार्जिंग वेगळंच. फोन चार्ज करा, तो पट्टा चार्ज करा, आणि कुणाचं काय उतरलंय ते लक्षात ठेवणारी घरात मी एकटी. इकडे ड्रॉवरमध्ये वायरचे चांगले चालू इअरफोन गुंडाळून पडलेत. टाकवत नाहीत.

बाजारातल्या एका दुकानातून सी टाईपचा कन्व्हर्टर आणला. लावला तर आवाज फोनच्या स्पीकरमधूनच. दुकानदार म्हणे, "ताई, तुमच्या फोनचा प्रॉब्लेम आहे." दीर म्हणतात कन्व्हर्टरचा प्रॉब्लेम आहे. नाना म्हणतात, पीस डिफेक्टिव्ह आहे. खरं कोणाचं? आणि कन्व्हर्टर लावून एफएम लागेल का? कृपया "नवीन फोन घ्या" असं सांगू नका, दिरांनी प्रेमाने पाठवलाय.

गोलाणीतला_कारागीर

ताई, मी जळगावला मोबाईल रिपेअरिंग करतो. अशी तक्रार घेऊन रोज कोणी ना कोणी येतं. तुमचा फोन बिघडलेला नसावा.

कन्व्हर्टर दोन जातीचे मिळतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एकात नुसती तार असते. फोनने स्वतःच सी टाईपच्या तोंडातून तयार आवाज बाहेर दिला तरच तो चालतो. काही फोन असा आवाज देतात, बरेच देत नाहीत. ते फक्त डिजिटल डेटा देतात आणि त्याचा आवाज करायचं काम बाहेरच्या चिपने करायचं असतं. दुसऱ्या जातीच्या कन्व्हर्टरमध्ये ती चिप असते, तिला डीएसी म्हणतात. तुम्हाला बहुतेक नुसत्या तारेचा दिलाय. दुकानात "डीएसीवाला द्या" असंच म्हणा, आणि नानांचा फोन सोबत नेऊन गाणं वाजल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्याआधी एक करून बघा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये ओटीजी नावाचं बटण असतं, ते चालू केल्याशिवाय फोन कन्व्हर्टरला ओळखतच नाही. वर आणखी, दहा मिनिटं काही जोडलेलं नसलं की ते आपोआप बंद होतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या "बिघडलेल्या" कन्व्हर्टरचं दुखणं एवढंच असतं.

ड्रॉवरमधले इअरफोन फेकू नका. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर माइकवाला, दोन असतील तर नुसतं ऐकायचा. फोनवर बोलायलाही लागणार असेल तर तीन रेघांचा निवडा.

एफएमचं मात्र विसरा. फोनमधल्या एफएमला एरियल म्हणून हेडफोनचीच वायर लागते. म्हणूनच जुन्या फोनमध्ये पिन काढली की "हेडफोन लावा" असं यायचं. पिनेची जागा गेली तशी बहुतेक फोनमधून रेडिओची सोयही गेली, आणि कन्व्हर्टर लावून ती परत येत नाही.

पुण्यातला_चाळीसगावकर

नानांना सांगा, पीस डिफेक्टिव्ह नाही, याला प्रगती म्हणतात 🙂

ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून हे भोक काढलं तेव्हा त्यांच्या फिल शिलरनी स्टेजवरून कारण सांगितलं होतं: धाडस! निदान तेव्हा डब्यात कन्व्हर्टर फुकट यायचा. २०१८ पासून तोही बंद. सॅमसंगने जाहिरातींत ॲपलची टिंगल केली आणि २०१९ च्या नोट १० मध्ये स्वतःही भोक बुजवलं. जागा वाचते, पाणी शिरत नाही वगैरे सांगतात, त्यात थोडं तथ्य असेलही. पण पिन असलेले फोनही पाण्यात तगायचे. ब्लूटूथच्या डब्या विकायच्या होत्या, हे उघड बोलत नाहीत इतकंच.

गंमत म्हणजे स्वस्त फोनमध्ये अजून पिन मिळते. तुमच्या दिरांनी कमी पैसे खर्च केले असते तर नाना सुखी असते.

केळीवाला_रावेर

मी उलट बोलतो, राग मानू नका. वायरचं एवढं कौतुक करू नका.

आमची पंपाची लाईट आठवड्याआड रात्रीची असते. केळीला पाणी द्यायला रात्री बागेत जावं लागतं. वायर कानात घालून बागेत शिरा, मग कळेल. पानाच्या देठाला अडकते, कानातून उपटून येते, आणि खिशाजवळ घामाने पिन गंजते. गळ्यातला पट्टा आल्यापासून हात मोकळे राहिले. कानातून निघालं तरी गळ्यात राहतं, चिखलात पडत नाही. माझा एका चार्जिंगवर तीन-चार रात्री जातो.

वहिनी, तुमच्या घरी खरी भानगड एवढीच की एक पट्टा दोघांत वाटला. मुलाच्या फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत जाऊन त्या पट्ट्याला "फरगेट" करा. मग तो फक्त नानांचा राहील. मुलाला ते ड्रॉवरमधले वायरचे द्या, त्याचा फोन पिनवाला असेल तर. अभ्यासाला बसणाऱ्याला वायर बरी, उठून हिंडत नाही.

शिरपूरना_आबा

माय, आम्हना घरमा बी हाईच कथा शे!

नानांना एक छोटा ट्रान्झिस्टर घेऊन द्या. एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही असलेला, कानाच्या पिनेचं भोक असलेला. जळगाव आकाशवाणी मूळची मीडियम वेव्हवरची, ती फोनमधल्या एफएमवर तशीही लागायची नाही. फोनवरच ऐकायचं असेल तर प्रसार भारतीचं न्यूज ऑन एअर ॲप आहे, पण त्याला नेट लागतं.

सरकारलाही हे कळलंय बरं का. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या आयटी मंत्रालयाने मोबाईल कंपन्यांना सूचना काढली होती की फोनमधला एफएम बंद करू नका, आपत्तीच्या वेळी रेडिओ उपयोगी पडतो. पूर आला, टॉवर बंद पडले, तर ॲप काय कामाचं? पण सूचनाच ती.

आणि एका कानाने ऐकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, माझाही डावा गेलाय. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, त्यात "मोनो ऑडिओ" चालू करा. नाहीतर दोन कानांत वाटलेल्या आवाजातला अर्धा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. तबला एकीकडे आणि बुवा दुसरीकडे. मला हे नातवाने दाखवलं, तोवर मी गायकांनाच दोष देत होतो.

भुसावळची_सून

सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते.

ओटीजीचं बटण सापडलं, चालू केलं, तरी जुना कन्व्हर्टर मुकाच. म्हणजे नुसत्या तारेचाच होता. डीएसीवाला आणला, दुकानात वाजवून घेतला. आवाज स्वच्छ. मोनो ऑडिओ केल्यापासून नाना व्हॉल्यूम निम्म्यावर ठेवतात. आबा, हे तुमच्यामुळे झालं, मिस्टरांनी तुम्हाला मुद्दाम नमस्कार सांगितलाय.

केळीवाले भाऊ, पट्टा मुलाच्या फोनमधून काढला, पण नाना तो घालायला तयार नाहीत. "गळ्यात पट्टा कोणाच्या असतो?" असं विचारतात. आता तो सासूबाई घालतात. पहाटे कीर्तन ऐकत अंगण झाडतात, खूश आहेत.

ट्रान्झिस्टरला नानांनी नाही म्हटलं, त्यांना त्यांचा जुना फोनच हवा. कारागीर दादा, फुगलेली बॅटरी बदलून तो नुसता रेडिओ म्हणून वापरता येईल का? आणि चार्जिंग व हेडफोन एकदम लावायचा दोन तोंडांचा कन्व्हर्टर घ्यावा का? दुपारी नेमकी नव्या फोनची बॅटरी उतरते.

गोलाणीतला_कारागीर

जुना फोन जरूर वापरा. बॅटरी बदला, सिम नको, नेट नको, वायर लावली की एफएम चालू. फक्त फुगलेली बॅटरी तशीच असेल तर चुकूनही चार्जिंगला लावू नका आणि स्वतः उघडू नका, कारागिराकडेच द्या.

दोन तोंडांचा घ्यायचा तर त्यातही डीएसी असलेलाच बघा, आणि दोन्ही वायरी एकदम लावून तपासा. स्वस्तातल्या पुष्कळांत चार्जर लावला की आवाज बंद होतो. जे चालतात त्यांतही फास्ट चार्जिंग मिळेलच असं नाही. मी असतो तर घेतला नसता. नाना जेवायला बसले की फोन चार्जिंगला लावा, तेवढ्यात भागेल.