मराठी माध्यमाच्या पोरांना अनवट इंग्रजी शब्द शिकवायचे की नाही?

वाचनवेडी

आमच्या कोल्हापूर भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत जूनपासून आठवी-नववीच्या फळ्यावर, वरच्या कोपऱ्यात, रोज एक अनोळखी इंग्रजी शब्द लिहीत होते. पालकसभेत त्यावरून वादावादी झाली. 'पोरांना साधं वाक्य धड लिहिता येत नाही आणि हे पेट्रिकोर कशाला?' असं बहुतेकांचं म्हणणं पडलं, आणि तो कोपरा बंद झाला. मला हे पटलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं ते विचारायला हा धागा काढतेय.

ज्या पेट्रिकोरवरून भांडण झालं तोच शब्द घेऊ. तापलेल्या, कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की येतो तो वास. शब्द काही फार जुना नाही. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या लेखात तो पहिल्यांदा वापरला. ग्रीकमधला दगडाचा शब्द आणि ग्रीक देवांच्या अंगातून रक्ताऐवजी वाहणाऱ्या रसाचा शब्द, असे दोन जोडून केलेला. कोरड्या दिवसांत झाडाझुडपांची तेलं माती आणि दगड शोषून घेतात, पावसाचा थेंब पडला की ती हवेत मोकळी होतात. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचाही वास त्यात असतो. आणि या दोघांनी शब्द करायच्या कितीतरी आधीपासून आपल्या कनौजचे अत्तरवाले हाच वास चंदनाच्या तेलात उतरवून मातीचं अत्तर म्हणून विकत होते!

एका शब्दामागे रसायनशास्त्र, ग्रीक पुराण आणि कनौजची अत्तरभट्टी. तेरा वर्षांच्या मुलापुढे हे ठेवायला काय हरकत आहे?

इंग्रजी शाळेतल्या मुलांना असले शब्द घरात मिळतात, गोष्टींच्या पुस्तकांत मिळतात. आपल्या पोरांना मात्र 'तुला एवढं पुरे' असं आधीच सांगून टाकायचं. हे कुणी ठरवलं? मराठी शाळेतल्या पोरानं इंग्रजी शिकायचं ते फक्त अर्ज लिहिण्यापुरतं, हे मला मान्यच नाही.

आठवीची आई

ताई, त्या सभेत मी होते आणि मीच पहिल्यांदा बोलले. पेट्रिकोरबद्दल तुम्ही आत्ता सांगितलंत तसं वर्गात सांगितलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. वर्गात काय व्हायचं ते ऐका. शब्द फळ्यावर, अर्थ एका ओळीत, आणि 'उद्या वहीत दहादा लिहून आणा.' एके दिवशी फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. एकोणतीस अक्षरं. पोरगी रात्री साडेदहापर्यंत ते गिरवत बसली होती. अर्थ काय, तर एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणं. तिला 'बस चुकली म्हणून मला उशीर झाला' हे इंग्रजीत लिहिता येत नाही. बाई रागावतील या भीतीनं ती वाक्यच लिहीत नाही, नुसते शब्द लिहिते. माझी तक्रार ही आहे. तुम्ही ती 'तुला एवढं पुरे' म्हणणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवू नका. मला तिच्यासाठी जास्तच हवंय.

दोन हजार शब्द

मी राजारामपुरीत स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगालमध्ये, ढाक्याला काम करत होते. आपल्यासारख्याच, इंग्रजी घरात न ऐकलेल्या मुलांना वाचता यावं म्हणून नेमके कोणते शब्द आधी शिकवायचे, हा प्रश्न त्यांना तिथे पडला. त्यातूनच पुढे १९५३ साली साधारण दोन हजार शब्दांची त्यांची यादी छापून आली. कुठलंही सर्वसाधारण इंग्रजी पान उघडा, त्यातले ऐंशी टक्क्यांच्या आसपास शब्द या यादीतले निघतात. पुढे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला की कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात. एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ.

म्हणजे पोरानं दोन हजारांवरून आठ हजारांवर जायचं आहे. या वाटेवर एकोणतीस अक्षरी शब्द येतच नाही. वाटेवर 'रिलक्टंट' आहे, 'स्केअर्स' आहे, 'डिस्प्यूट' आहे. माझ्याकडे पदवीधर मुलं येतात, त्यांना हे तीन शब्द अडतात आणि डिफेनेस्ट्रेशन पाठ असतं. प्रागमध्ये १६१८ साली राजाच्या कारभाऱ्यांना खिडकीतून बाहेर फेकलं होतं, हेही ती सांगतात. ऐकायला छान वाटतं. उताऱ्याखालचे प्रश्न मात्र चुकतात.

आणि परीक्षांच्या नावावर याद्या विकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरई परीक्षेनं २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढून टाकले. तिथल्याच कॉलेज प्रवेशाच्या एसएटीनं २०१६ मध्ये अनवट शब्दांचा भाग सोडला. आपल्या सैन्यदलातल्या अधिकारी भरतीच्या सीडीएस परीक्षेत समानार्थी-विरुद्धार्थी अजून विचारतात, पण ते शब्दही बहुतेक वर्तमानपत्री असतात.

ओतकाम

मी शिरोलीत फौंड्रीत हाय, बावीस वर्षं झाली. तुमची सगळ्यांची चर्चा वाचली. एक विचारू का? अनवट म्हणजे कुणाला अनवट?

आमच्याकडं फेटलिंग शॉप हाय. कास्टिंग गार झालं, साचा फोडला, की त्याला रनर, रायझर, म्हणजे धातू ओतायच्या वाटांत गोठलेले जादा तुकडे, चिकटलेले असतात, कडंला धातूची पापडी आलेली असते. ते सगळं तोडून, घासून माल साफ करायचा, त्याला फेटलिंग म्हणतात. आमच्यातली निम्मी पोरं दहावी नापास हायत, रोज शंभरदा हा शब्द बोलतात. माझा पुतण्या इंग्रजी घेऊन बीए झाला, त्याला म्हाईत नव्हता. मग कुणाचं इंग्रजी मोठं?

दुसरं. इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द म्हणून पंचेचाळीस अक्षरांचा एक शब्द पोरं पाठ करतात, न्यूमोनोअल्ट्रा असा सुरू होणारा. माझ्या पोरानंबी केला, पाहुण्यांसमोर म्हणून दाखवला. मी शोधून काढलं. अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्षानं १९३५ ला तो मुद्दाम लांबलचक केला. अर्थ काय, तर सिलिकाची बारीक धूळ छातीत बसून होणारा रोग. म्हणजे सिलिकोसिस. आमच्या साच्याची वाळू सिलिकाचीच असते. साचा फोडताना आणि फेटलिंगला जी धूळ उडते ती हीच. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात हा रोग होता, २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्यातबी हाय, डॉक्टरला आढळला तर सरकारला कळवावं लागतं.

पोरगं पंचेचाळीस अक्षरं न अडखळता म्हणतंय, टाळ्या घेतंय, आणि बाप मास्क न लावता ग्राइंडरवर उभा. त्या शब्दाचा अर्थ घरातच हाय हे त्याला कुठल्या मास्तरनं सांगितलं नाही. मला याचा लै राग येतो.

वाचनवेडी

ओतकाम दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही विरोधात लिहिलंय असं तुम्हाला वाटत असेल, पण मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. तुमचा फेटलिंग त्या फळ्यावर सगळ्यात आधी यायला हवा होता. त्याचं मूळ सांगते. जुन्या इंग्रजीत 'फेटेल' म्हणजे पट्टा, कमरपट्टा. त्यावरून 'फेटल' म्हणजे कंबर कसून तयार होणं, मग एखादी गोष्ट नीटनेटकी, तयार करणं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या बोलीत तो टिकला आणि तिथल्या कारखान्यांतून जगभरच्या ओतशाळांत गेला. पुस्तकी इंग्रजीत तो आता 'इन फाइन फेटल', म्हणजे ठणठणीत, एवढ्यापुरता उरलाय. शिरोलीत तो पूर्ण अर्थानं जिवंत आहे. तुमच्या पुतण्याला माहीत नव्हता, कारण कॉलेजात इंग्रजी म्हणजे कवितेतलं इंग्रजी.

सर, तुमचे आकडे मला मान्य आहेत. पण आठ हजार कुळं यादीनं येत नाहीत, वाचून येतात, आणि वाचायला आधी गोडी लागते. ती गोडी 'रिलक्टंट'नं लागत नाही. सिंहलद्वीपाचं, म्हणजे श्रीलंकेचं, अरबी-फारसीत सेरेन्दिप झालं, तिथल्या राजपुत्रांच्या गोष्टीवरून होरेस वॉलपोलनं १७५४ मध्ये एका पत्रात सेरेन्डिपिटी, म्हणजे ध्यानीमनी नसताना काही चांगलं हाती लागणं, हा शब्द केला, हे ऐकून लागू शकते.

करवीरकर

माझा विरोध वेगळ्या बाजूनं आहे. कागल-करवीरच्या पोरांना आदण म्हणजे काय ते विचारा. काहील, चुलवाण, वाफा, रवा, गुळव्या विचारा. दहातल्या आठांना सांगता येणार नाही. गूळ करताना उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, खाली चुलवाणात चिपाडांचा जाळ, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर काढायची, गुळव्यानं पाक बघून आदण उतरवायचं, वाफ्यात ओतायचं, घोटायचं. एवढ्या शब्दांत आपला अख्खा धंदा बसलाय आणि गुऱ्हाळं बंद पडतील तसे ते जाणार आहेत. इकडे आपण ग्रीक देवांच्या रक्तावर चर्चा करतोय.

मोल्सवर्थ हा इंग्रज लष्करी अधिकारी. त्यानं १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द नेले. परक्या माणसाला आपले शब्द वेचावेसे वाटले. आपल्याच राजाराम कॉलेजात शिकवून गेलेले माधव जूलियन, त्यांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश केला. फारसीतून आलेला शब्द मराठीत काय होऊन बसला, हे त्यांनी तपासलं. फळ्याचा कोपरा रिकामा आहे ना? तिथे मराठी शब्द लिहा.

जुनी पानं

करवीरकर, तुमच्या यादीला माझा पाठिंबा, पण 'मराठी लिहा, इंग्रजी नको' हे पटत नाही. हेच भांडण इंग्रजांनी चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी आपसांत केलंय. लॅटिन-ग्रीकमधून ओढून आणलेल्या शब्दांना ते चिडून दौतीतले शब्द म्हणायचे. १५५३ मध्ये थॉमस विल्सननं अशा शब्दांनी खच्चून भरलेलं एक पत्र टर उडवायला छापलं. त्यातला 'ऑबटेस्टेट' मेला, पण 'सेलिब्रेट' जगला. आज आपण घरातल्या वाढदिवसाला 'सेलिब्रेशन' म्हणतो! जॉन चीक हा मोठा विद्वान, तो म्हणायचा आपली भाषा निर्भेळ ठेवा. राहिली नाही. १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीनं पहिला इंग्रजी-इंग्रजी कोश काढला तोच मुळी अवघड शब्दांचा. घरंदाज बायकांना आणि इतर कमी शिकलेल्या लोकांना ते कळावेत म्हणून काढतोय, असं त्यानं मुखपृष्ठावरच छापलं होतं. वाचनवेडी ताई म्हणतात तेच आहे हे. अवघड शब्द मूठभरांकडे ठेवायचे नाहीत.

२०१७ मध्ये शशी थरूर यांनी 'फॅरागो', म्हणजे नुसती खिचडी, हा शब्द वापरला तेव्हा देशभर लोक कोश उघडून बसले. लॅटिनमध्ये फॅरागो म्हणजे जनावरांची मिसळलेली वैरण. दुधाच्या जिल्ह्यात हा शब्द शिकवायला काय अडचण आहे? पोरं गोठ्यातूनच शाळेत येतात.

आठवीची आई

गोठ्यातून येतात म्हणूनच सांगते, सकाळी त्यांना वेळ नसतो.

आणखी एक. मागच्या पावसाळ्यात पंचगंगेच्या पुलावर पाणी बघायला गर्दी होती. माझी पोरगी म्हणाली, आई, हे सगळे गॉन्गूझलर. फळ्यावर शिकलेला. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, खरं सांगते.

करवीरकर

ताई, तो शब्द इंग्लंडमधल्या कालव्यांचा आहे. कालव्याकाठी उभं राहून बोटींची ये-जा उगाच बघत राहणारा, तो गॉन्गूझलर. आपल्या पुलावर उभा असलेला माणूस उगाच बघत नसतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. २०१९ ला ते ५५ च्या वर गेलं होतं. पुलावरच्या माणसाचं घर त्या फुटांवर अवलंबून असतं. त्याला गॉन्गूझलर म्हणणं चूक आहे, आणि चूक तुमच्या लेकीची नाही, नुसता अर्थ सांगून सोडून देणाऱ्याची आहे. शब्द जिथला आहे तिथलं काही न सांगता दिला की असं होतं.

वाचनवेडी

हे मात्र पूर्ण मान्य. म्हणून मी शाळेला लिहून देणार आहे ते असं: रोज नको, आठवड्याला एकच शब्द. दहादा लिहिणं बंद, गुण बंद. शब्द कुठून आला, कोण वापरतं आणि कोण वापरत नाही, एवढं सांगायला एक तास. एका आठवड्यात इंग्रजी, पुढच्या आठवड्यात गुऱ्हाळातला किंवा तालमीतला मराठी. आणि इंग्रजी शब्द निवडताना शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रोज बोलले जातात ते आधी. आठवीच्या आई, तुम्ही त्यावर सही कराल का?

आठवीची आई

दहादा लिहिणं बंद असं ठळक अक्षरांत लिहा, मग करते. आणि त्या तासाला पोरांकडून एकतरी पूर्ण वाक्य बोलून घ्या. चुकलं तरी चालेल, रागवायचं नाही.

दोन हजार शब्द

मी सही करणार नाही. तुमची योजना शाळेच्या आधीच्या प्रकारापेक्षा पुष्कळ चांगली आहे, हे कबूल. पण आठवड्यात इंग्रजीचे तास मोजकेच, त्यातला एक यात गेला तर वाचनाचा तास कमी होणार. सोप्या भाषेतली पंधरा-वीस पानी पुस्तकं वर्गात आणा, तो तास पोरांना गप्प बसून वाचू द्या. अनवट शब्द त्यांना तिथेच भेटतील, आणि मग ती स्वतः विचारतील.

ओतकाम

सर, पुस्तकात रायझर भेटणार हाय व्हय? ताई, मी साहेबांना विचारून एक न घासलेलं कास्टिंग आणतो, रनर-रायझर सगळं चिकटलेलं. सोबत मास्कबी आणतो. पंचेचाळीस अक्षरांचा शब्द त्या दिवशी घ्या. शनिवारी मला पहिली पाळी नाही.