एकाच अर्ध्या तासात कोणी हसले, कोणी उठून गेले: ‘इनसाइड नंबर नाइन’ पाहतानाचे अनुभव

गेल्या आठवड्यात लपाछपी खेळताना नात माझ्या कपाटात जाऊन बसली आणि दार ओढून घेऊन बराच वेळ हूं की चूं न करता राहिली. मी दार उघडले तेव्हा ती खदखदून हसत होती, मला मात्र दरदरून घाम फुटला होता. त्या क्षणी ‘इनसाइड नंबर नाइन’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचा पहिलाच भाग, ‘सार्डिन्स’, आणि तो पाहिला ती संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली. (पुढे कथानके उघड होतील. ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी येथेच थांबावे.)

आम्ही तिघे होतो: मी, आमचे हे आणि वन्सं. या भागात साखरपुड्यासाठी जमलेली मंडळी लपाछपीचा एक उलटा प्रकार खेळतात. एकाने लपायचे आणि ज्याला तो सापडेल त्यानेही त्याच्याच शेजारी गुपचूप लपून राहायचे. एकेक जण त्या कपाटात शिरत जातो. त्यांच्यात एक ‘घाणेरड्या वासाचा जॉन’ असतो, आणि त्याच्या वासावरून जी थट्टा चालते तिला हे मनापासून हसत होते. खरे सांगायचे तर मीही हसत होते. तो अंघोळ का टाळतो, साबणाच्या वासाने त्याला काय आठवते आणि त्याचा संबंध त्याच घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी कसा आहे, हे हळूहळू उलगडू लागले तेव्हा वन्सं उठल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या. आम्हाला वाटले, कंटाळल्या असतील. हे पुढेही थोडे हसले, मग गप्प झाले. वन्संनी त्या भागाचा विषय पुन्हा काढला नाही आणि मीही विचारले नाही. विचारायला हवे होते, असे आता वाटते.

रीस शिअरस्मिथ आणि स्टीव्ह पेम्बर्टन यांनी २०१४ ते २०२४ या काळात बीबीसीसाठी या मालिकेचे ५५ भाग केले. प्रत्येक भागाची कथा वेगळी, पात्रे वेगळी, जागा वेगळी. आपण हसलो आणि शेजारचा हसला नाही, किंवा त्याच्या उलट झाले, असा कोणता भाग तुमच्या लक्षात राहिला आहे, ते कृपया या धाग्यावर लिहा.

* * *

२८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री मी शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये होतो आणि ‘डेड लाइन’ हा थेट प्रक्षेपित होणारा भाग पाहायला सहनिवाशाबरोबर बसलो होतो. थोड्याच वेळात आवाज गेला. निवेदकाने तांत्रिक बिघाडाबद्दल क्षमा मागितली आणि मग जुनाच एक भाग दाखवायला सुरुवात झाली. मला दुसऱ्या दिवशी लवकर उठायचे होते, म्हणून मी झोपायला गेलो. सहनिवासी बसून राहिला. तो बिघाडच कथेचा भाग होता, हे त्याने सकाळी सांगितले तेव्हा तो आनंदाने थरथरत होता आणि मला राग आला होता. क्षमा मागणाऱ्या निवेदकाच्या आवाजावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, आणि तोच विश्वास त्यांनी वापरला. मी नंतर तो भाग पाहिला, पण सगळे आधीच माहीत असल्यामुळे तो माझ्यापर्यंत पोहोचला नाही. त्याला मिळालेली रात्र मला मिळाली नाही, याची रुखरुख अजून आहे.

* * *

माझ्या आईला इंग्रजी येत नाही. मालिका पाहताना मी वाक्यावाक्याला थांबवून अर्थ सांगत असे आणि विनोद तेवढ्यात मरून जात असे. ती केवळ माझे मन राखायला हसायची. ‘अ क्वाएट नाइट इन’ हा भाग जवळजवळ संवादाविना आहे: दोन चोर एका आलिशान घरात चित्र चोरायला शिरतात आणि घरातल्या माणसांना चाहूल न लागू देता वावरण्याची धडपड करतात. हा एकच भाग असा होता की, आम्ही दोघे एकाच वेळी, एकाच जागी हसलो. किंबहुना ती माझ्या आधी हसत होती, कारण माझी नजर सवयीने खालच्या अक्षरांकडे जात होती आणि तिची थेट त्या माणसांच्या चेहऱ्यांवर होती. पुढे माणसे मरू लागली तेव्हा मी हसतच राहिलो. आई थांबली आणि म्हणाली, “एका चित्रापायी?” त्यानंतर मलाही हसता आले नाही.

* * *

मी ‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ क्रिस्टीन’बद्दल लिहिते. हा २०१५ चा भाग आहे आणि त्यात शेरिडन स्मिथ यांनी क्रिस्टीनची भूमिका केली आहे. तिच्या आयुष्यातले वेगवेगळ्या वर्षांचे दिवस तुकड्यातुकड्यांनी समोर येतात, मध्येच एक अनोळखी माणूस दिसतो, अंडी फुटतात, आणि ती वेडी होत चालली आहे की घर झपाटलेले आहे, असा प्रश्न आपल्याला पडतो. ती मोटारीच्या अपघातात मरते आहे, हे शेवटी कळते.

माझी धाकटी बहीण अपघातात गेली. ज्या मैत्रिणीने हा भाग सुचवला तिला ते माहीत होते, पण सुचवताना तिच्या ध्यानात आले नसावे. नंतर तिने पुन्हा पुन्हा माफी मागितली. माझ्या घरच्यांनाही वाटले की, हे मी पाहायला नको होते. माझी अवस्था मात्र निराळी होती. बहिणीच्या शेवटच्या क्षणांचा विचार मी इतकी वर्षे फक्त वेदना म्हणून करत आले होते. त्या क्षणांत कदाचित तिचा वाढदिवस असेल, आमची भांडणे असतील, आईचा हात असेल, ही शक्यता मला प्रथमच त्या अर्ध्या तासाने दिली. ते खरे आहे की नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. तरीही मी तो भाग आजवर चार वेळा पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी एकटीनेच.

* * *

वरचे अनुभव वाचून थोडा संकोच वाटतो, तरी माझे मत वेगळे आहे. ‘टू हॅव अँड टू होल्ड’मध्ये मरगळलेल्या संसाराची गोष्ट चालू असते आणि अखेरीस त्याच घरात डांबून ठेवलेली एक स्त्री आपल्याला दिसते. आमच्या गटातल्या मित्रांनी “काय धक्का दिला!” म्हणून टाळ्या वाजवल्या. एका माणसाने भोगलेली वर्षे आमच्यापुढे केवळ कलाटणी म्हणून आली होती, आणि मला तिच्याबद्दल काहीच कळले नव्हते. भीषण गोष्टीवर हसू नये, असे माझे म्हणणे नाही. ‘सार्डिन्स’मध्ये तर आपले हसूच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहते, आणि म्हणूनच तो भाग मला थोर वाटतो. पण येथे तसे काहीच घडत नाही. त्यानंतर मी ही मालिका दोन वर्षे पाहिली नाही.

* * *

याच भागावरून आमच्या घरीही वाद झाला. माझ्या मते शेवटी जो आनंद होतो तो धक्क्याचा नसून सुटकेचा असतो. मात्र त्या स्त्रीला स्वतःची गोष्ट मिळत नाही, हे तुमचे म्हणणे मला खोडता येत नाही.

* * *

जरा वेगळे सांगतो. प्रत्येक भागात कोठेतरी सशाची एक मूर्ती ठेवलेली असते आणि माझा मुलगा केवळ ती शोधायला बसतो. कथा कितीही भयंकर असली तरी त्याला भीती वाटत नाही, कारण त्याची नजर फडताळांवर आणि खिडक्यांवर असते. वरच्या ताईंनी आईबद्दल जे लिहिले तसेच हे आहे: कोण कोठे पाहतो, यावर बरेच अवलंबून असते.

* * *

(धागा मीच काढला आहे.) सशाबद्दल मला ठाऊक नव्हते. आईबद्दलचा अनुभव एका मुलाने लिहिला आहे, ताईंनी नव्हे. क्रिस्टीनबद्दल लिहिणाऱ्या ताई, तुमचे लिहिणे वाचून काल रात्री वन्संना फोन केला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. त्या भागाचे नाव माझ्या तोंडून निघाले नाही.

* * *

महाविद्यालयात मी आणि माझा एक मित्र जोडीने विनोदी प्रवेश करत असू. पुढे एका क्षुल्लक कारणावरून आमचे बिनसले, अनेक वर्षे अबोला राहिला, आणि तो गेल्याची बातमी मला तिसऱ्याकडून कळली. ‘बर्नी क्लिफ्टन्स ड्रेसिंग रूम’ (२०१८) मुलाबरोबर पाहत होतो. त्यात एकेकाळची विनोदी जोडी तीस वर्षांनी भेटते. एकाला जुने प्रवेश पुन्हा करायचे असतात आणि दुसऱ्याला त्या विनोदांची लाज वाटत असते. मुलगा म्हणाला, “बाबा, हे विनोद शिळे आहेत.” ते शिळेच आहेत. पण कोणत्या शब्दानंतर किती थांबायचे, हे त्या दोघांच्या अंगात अजून मुरलेले आहे, आणि ते मुलाला दिसणे शक्य नव्हते. त्यांच्यातला एक आधीच गेलेला आहे आणि दुसरा त्याच्या अंत्यविधीसाठी आला आहे, हे उघड झाले तेव्हा मुलाने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. मी मित्राच्या अंत्यविधीला गेलो नव्हतो. मुलाला ते त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले.

* * *

मी यातला एकही भाग पाहिलेला नाही, तरी सगळे वाचले. सुरुवात कोठून करावी?

* * *

कोठूनही करता येईल, कारण एका भागाचा दुसऱ्याशी संबंध नाही. तुम्हाला शब्दांचे खेळ आवडत असतील तर शब्दकोड्याभोवती रचलेला ‘द रिडल ऑफ द स्फिंक्स’ पाहा, पण तो शेवटी फार क्रूर होतो, हे ध्यानात असू द्या. कोणाबरोबर पाहणार असाल तर संवादाविना असलेला भाग निवडा. क्रिस्टीनचा भाग मात्र दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हाच पाहा.